मदत ओळखीच्या वाटेने पोहोचते

गेल्या अंकात रोटरी, लायन्स, किवानिस अशा सेवा क्लबांबद्दल लिहिताना मी एक विधान केलं होतं. परदेशी मुलांची देवाणघेवाण आणि आपत्तीतलं मदतकार्य ही क्लबची दोन वेगळी खाती नाहीत. पहिलं काम मनापासून केलेलं असेल तरच दुसरं धड होतं, असं मी म्हटलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी वाद घातला, बहुतेकांनी सरळ सल्ला विचारला. या वेळचं सदर त्या पत्रांसाठी. पत्रांत घरगुती मजकूर पुष्कळ होता, म्हणून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी सोळा वर्षांची आहे, शाळेच्या इंटरॅक्ट क्लबमध्ये (रोटरीच्या शाळकरी मुलांच्या क्लबमध्ये) आहे. मला वर्षभराच्या युवा-विनिमयासाठी अर्ज करायचाय. आई तयार आहे. बाबा म्हणतात, ‘परक्या लोकांच्या घरी वर्षभर? आणि शाळेचं वर्ष वाया जाईल ते?’ त्यांना काय सांगू?

उत्तर : आधी त्यांचा प्रश्न रास्त आहे हे मान्य कर. मुलीला परक्या घरी पाठवताना ज्या बापाला काळजी वाटत नाही, त्याच्या मुलीची मला जास्त काळजी वाटते.

त्यांना सांग की हा प्रकार कालपरवाचा नाही. फ्रान्समधल्या नीस शहराच्या रोटरी क्लबने १९२७ साली याची सुरुवात केली. आजच्या दीर्घ विनिमयात साधारण १५ ते १९ वयाची मुलं एक शैक्षणिक वर्ष दुसऱ्या देशात काढतात, तिथल्या शाळेत जातात आणि बहुधा एकापेक्षा जास्त कुटुंबांत राहतात. राहण्याजेवण्याची सोय यजमान करतात. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि विमा हा खर्च घरचा. वर्ष फारच जड वाटत असेल तर काही आठवड्यांचा छोटा विनिमयही असतो, त्यात बहुतेकदा दोन कुटुंबं एकमेकांची मुलं पाळीपाळीने ठेवून घेतात. लायन्सची युवा शिबिरं याहून वेगळी, तिथे अनेक देशांतली मुलं एकत्र राहतात.

बाबांच्या मनातला खरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. त्यावर मोघम आश्वासनं देऊ नकोस, व्यवस्था समजावून सांग. यजमान घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची आधी चौकशी होते, घर पाहिलं जातं, मुलाखत घेतली जाते. तुझ्यासाठी क्लबचा एक समुपदेशक नेमलेला असतो आणि तो यजमान कुटुंबातला नसतो, कारण त्या घराबद्दलच तक्रार असेल तर ती कोणाकडे करायची? शिवाय क्लबशी काहीही संबंध नसलेल्या एका स्त्रीचा आणि एका पुरुषाचा संपर्क तुझ्या हातात दिलेला असला पाहिजे. हा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बाबांना म्हणावं, निवड झाल्यावर हे सगळे नंबर कागदावर मागून घ्या, आणि ते मिळाल्याशिवाय तिकीट काढू नका. अशी मागणी केल्यावर कोणी तोंड वाकडं केलं, तर त्या क्लबकडून मुलीला पाठवूच नका.

तुझ्यासाठीही नियम आहेत. गाडी चालवायची नाही, दारू नाही, ड्रग्ज नाहीत, प्रेमप्रकरण नाही. नियम मोडला तर वर्ष अर्धवट टाकून घरी परतावं लागू शकतं. हे नियम तुला जाचक वाटतील. पण तिथे तू दुसऱ्याच्या जबाबदारीवर असतेस, हे विसरू नकोस.

आता वर्ष वाया जाण्याबद्दल. तिकडचा अभ्यास इकडे धरला जाईलच असं नाही. अर्ज करण्याआधीच मुख्याध्यापकांना भेट, परत आल्यावर कोणत्या इयत्तेत बसवणार ते विचार आणि उत्तर लेखी घे. वर्ष मागे पडणार असेल तर ते आधी कळू दे, मग तिघांनी बसून ठरवा.

मी बरीच वर्षं या निवडीच्या मुलाखती घेतल्या. मुलं नाच, वक्तृत्व, बक्षिसं सांगायला तयार होऊन येतात. मी विचारते, ‘घरात शेवटचं भांडण कशावरून झालं आणि आधी कोण बोललं?’ काही मुलं पालकांकडे बघतात. काही म्हणतात, आमच्याकडे भांडणं होतच नाहीत. एका मुलीने जरा विचार केला आणि म्हणाली, ‘आजीच्या औषधाची वेळ मी विसरले. आई बोलली, मी दार आपटलं. रात्री मीच आजीला गोळी द्यायला गेले, तेव्हा आई तिथेच होती.’ तिला आम्ही पाठवली. परक्या घरात दार आपटलं जाणारच. त्यानंतर त्या खोलीत पुन्हा जाता आलं पाहिजे. तुला ते जमतं का, हे बाबांनाच विचार. तुझ्या अर्जाबद्दल त्यांच्याशी बोलायला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

प्रश्न : आमच्याकडे पुढच्या महिन्यात विनिमयातली परदेशी मुलगी राहायला येतेय. मी गृहिणी आहे, माझं इंग्रजी बेताचं. तिला काही कमी पडू नये म्हणून खूप दडपण आलंय. तिला वेगळी खोली लागेल का? पाहुणचार कसा करावा?

उत्तर : पाहुणचार चार दिवस करा, पाचव्या दिवशी थांबवा. पाहुणी म्हणून वागवलेलं मूल महिन्याभरात एकटं पडतं. घरातल्या मुलांना जी कामं सांगता त्यातलं एखादं तिलाही सांगा. ताटं घेण्याचं का असेना, रोजचं एक काम तिच्या नावावर असू द्या.

वेगळी खोली असलीच पाहिजे असं नाही. तिचं स्वतःचं अंथरूण हवं, आणि खोली वाटून घ्यायची असेल तर साधारण तिच्याच वयाच्या मुलीबरोबर. कपडे बदलायला, रडायला, आईला फोन करायला दार लावता येईल अशी एक जागा मात्र हवीच.

भाषेचं दडपण घेऊ नका. विनिमयात ‘पहिल्या रात्रीचे प्रश्न’ नावाची एक यादी वापरतात. मुलाने घरात आल्या आल्या यजमानांना विचारायचे हे प्रश्न असतात आणि यादी बऱ्याच भाषांत मिळते. प्रश्न अगदी साधे. तुम्हाला काय हाक मारू? मळके कपडे कुठे टाकू? आंघोळीची वेळ कोणती? भूक लागली तर स्वतः घेऊन खाऊ का, की विचारू? सकाळी मला कोण उठवणार? मला न आवडणारा पदार्थ वाढला तर काय म्हणू? तुम्हाला माझ्या वागण्यातलं काय खटकेल?

मुलगी ही यादी घेऊन आली नाही तर तुम्हीच काढा आणि तिच्याशेजारी बसून एकेक प्रश्न सोडवा. भाषांतराचं ॲप मधे ठेवलं तरी चालेल. यजमान बायका बहुतेक वेळा शेवटच्या प्रश्नाला ‘छे, काहीच खटकणार नाही’ असं सांगून टाकतात आणि मग तीन महिने मनात कुढतात. तसं करू नका. बाथरूम ओलं सोडलेलं मला चालत नाही, हे पहिल्या रात्री सांगितलं तर ती घराची रीत असते. तीन महिन्यांनी सांगितलं की ते तिच्या मनाला लागतं.

घरी फोन करण्यावर बंदी नको, पण दिवसातून पाच वेळा फोन चालू असेल तर तिच्या समुपदेशकाशी बोला. मुलांना पहिल्या काही आठवड्यांत आणि पुन्हा सणासुदीच्या दिवसांत घरची आठवण फार छळते. अशा वेळी ‘रडू नकोस’ म्हणू नका. तिला बरोबर घेऊन बाहेर एक फेरी मारून या.

प्रश्न : महापुराची बातमी आल्यावर आमच्या क्लबने दोन दिवसांत ट्रकभर कपडे, औषधं, बाळांसाठी दूधपावडर जमवली. सभासद रात्र रात्र जागले. तिथे पोहोचल्यावर स्थानिक लोकांनी सामान उतरवून घ्यायलाच नकार दिला. मी क्लबचा सचिव आहे. सगळे फार दुखावले आहेत. आता सभासद म्हणतात, पुढच्या वेळी कशाला करायचं?

उत्तर : तुमच्या सभासदांचा कळवळा खरा आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. तरीही नकार देणाऱ्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी उभे राहून बघा.

डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला. जगभरातून सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान येऊन पडलं. काय काय आलंय याचा नुसता अंदाज यायला ५० माणसांना सहा महिने लागले. ८ टक्के औषधांची मुदत पोहोचण्याआधीच संपलेली होती, ४ टक्के थंडीने गोठून वाया गेली. उरलेल्यांपैकी जेमतेम ३० टक्के सहज ओळखता येत होती. पाठवणाऱ्या प्रत्येकाने ती चांगल्या मनानेच पाठवली असणार. पण ज्यांनी जखमी माणसांजवळ असायला हवं होतं, ती ५० माणसं खोकी फोडत बसली. अशा अनुभवांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पोहोचल्यावर निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, वेष्टनावर औषधाचं मूळ नाव हवं, ते तिथल्या डॉक्टरांना वाचता येईल अशा भाषेत हवं, आणि सगळ्यात आधी, ते त्यांनी मागितलेलं हवं. घरात उरलेल्या अर्ध्या पट्ट्या गोळा करून पाठवणं यातल्या एकाही अटीत बसत नाही.

दूधपावडरीबद्दल तर मी हात जोडून सांगते, कधीच पाठवू नका. पुरात स्वच्छ पाणी नसतं, बाटली उकळायची सोय नसते. गढूळ पाण्यात कालवलेली पावडर तान्ह्या बाळाचा जीव घेऊ शकते. शिवाय अंगावर पाजणाऱ्या बाईच्या हातात फुकटचा डबा आला की तिचं पाजणं कमी होतं, दूध आटतं, आणि डबा संपला की हाती काहीच राहत नाही. ज्या बाळांना खरोखरच वरचं दूध लागतं, त्यांची सोय आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी.

कपड्यांचा प्रश्न जागेचा आहे. ट्रक आला की उतरवायला माणसं हवीत, ठेवायला कोरडी जागा हवी, निवडायला हात हवेत. पुरानंतर कोरडी जागा म्हणजे शाळेची एखादी खोली. तिथे एक तर माणसं झोपतील, नाहीतर कपडे राहतील. स्फिअर नावाची मदतकार्याची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, १९९७ पासून अनेक संस्थांनी मिळून घडवलेली. त्यानुसार आसऱ्याला दर माणशी निदान साडेतीन चौरस मीटर जागा हवी, दिवसाला निदान १५ लिटर पाणी हवं, २० माणसांमागे एक शौचालय हवं. तुमच्या क्लबच्या पुढच्या बैठकीत हे तीन आकडे फळ्यावर लिहा आणि विचारा, आपल्या ट्रकमधलं काय यातल्या कशाला उपयोगी पडलं असतं?

मग काय करायचं? बहुतेक वेळा पैसे पाठवायचे. तिथली बाजारपेठ चालू असेल तर पैशाने तिथलंच सामान घेता येतं, दुकानदारही उभा राहतो, आणि कोणत्या घरात काय हवं ते त्या घराला ठरवता येतं. पैसे पाठवण्यात ट्रकला झेंडा दाखवण्याचं समाधान नाही, हे मला माहीत आहे. सभासदांना हाताला काम हवं असतं, आणि ती ओढ चांगली आहे. तिला योग्य वाट द्यायचं काम मात्र तुमचं, सचिवाचं.

वस्तूच पाठवायच्या असतील तर ती वाट कशी दिसते, याचं एक उदाहरण. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टन-लिझर्ड या छोट्याशा रोटरी क्लबने २००० साली एक प्रकल्प घेतला. मोठ्या खोक्यात एक तंबू, पांघरुणं, पाणी गाळायचं साधन, स्वयंपाकाची भांडी असं एका कुटुंबाचं सामान. त्यातून शेल्टरबॉक्स ही संस्था उभी राहिली. पहिली १४३ खोकी २००१ च्या गुजरात भूकंपानंतर गेली. मला यातलं खोकं तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. गेल्या काही वर्षांत संस्थेचे लोक आपत्तीप्रमाणे सामान बदलतात. कुठे तंबू लागतो, कुठे घराच्या भिंती उभ्या असतात आणि फक्त ताडपत्री, दोर आणि हत्यारं पुरतात. हे ठरवायला आधी माणूस जाऊन बघतो. आणि सामान बंदरात अडकलं, गोदाम लागलं, रस्ता बंद झाला, की कोणाला फोन करायचा? तिथल्या रोटरी क्लबला. कस्टम्समध्ये कोणत्या टेबलावर कागद अडलाय, ते स्थानिक माणसालाच कळतं.

आता माझ्या त्या विधानाकडे येते. तरुणपणी मी रोटरीच्या एका अभ्यास-विनिमय गटातून परदेशात गेले होते. नोकरी-व्यवसायातल्या तरुणांचे छोटे गट काही आठवडे दुसऱ्या देशात राहून आपापल्या कामाची तिथली पद्धत बघायचे. १९६५ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम २०१३ पर्यंत चालला. मी ज्यांच्या घरी राहिले त्या बाई परिचारिका होत्या. पुढे कैक वर्षांनी त्यांच्या भागात पूर आला. आमच्या क्लबात लगेच ब्लँकेटची यादी सुरू झाली. मी त्यांना विचारलं, काय पाठवू? त्यांचं उत्तर मला जसंच्या तसं आठवतं. ‘दोन आठवडे काही पाठवू नका. मग चष्मे.’

माणसं रात्री पाण्यातून निघाली होती, चष्मे घरात राहिले होते. त्यामुळे म्हाताऱ्यांना औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचता येत नव्हती, भरपाईचा अर्ज भरता येत नव्हता, ओळखीचा चेहरा लांबून कळत नव्हता. कवळ्याही गेल्या होत्या, श्रवणयंत्रांचे सेल गेले होते. हे आमच्या कोणाच्याही यादीत आलं नसतं. आम्ही पैसे पाठवले आणि तिथल्या क्लबने तिथल्याच नेत्रतज्ज्ञाकडून डोळे तपासून चष्मे करून दिले. मी एके काळी त्या बाईंच्या घरात राहिले होते, त्यांच्याशी भांडले होते, त्यांनी मला तापात पेज पाजली होती. म्हणून ‘काही पाठवू नका’ असं त्या मला न संकोचता सांगू शकल्या. अनोळखी माणसाला कोणी असं सांगत नाही. तो बिचारा आभार मानतो आणि ट्रक येऊ देतो.

तुमच्या बाबतीत लोकांनी सामान उतरवायला नकार दिला, म्हणजे निदान ते खरं बोलले. सभासदांना हे पटवून द्या. आणि त्याच लोकांना आता, पूर ओसरल्यावर, फोन करा. कोणी फोन करत नाही तो हा काळ. शाळेचे बाक, विहिरींची सफाई, मुलांची भिजलेली पुस्तकं अशी कामं तेव्हा निघतात.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा, रोटरॅक्टमध्ये म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबमध्ये आहे. तब्येत धडधाकट आहे, ट्रेकिंग करतो. मोठा भूकंप झाला की पाठपिशवी उचलून थेट निघावं असं वाटतं. क्लबमधले ज्येष्ठ अडवतात. आमच्या ताकदीचा उपयोग कधी होणार?

उत्तर : ज्येष्ठ बरोबर अडवतात. पण अडवून गप्प बसत असतील तर ते चूक.

ढिगाऱ्यातून माणूस काढणं हे शिकलेल्या पथकाचं काम आहे. याच आर्मेनियाच्या भूकंपानंतर, १९९१ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली अशा शोध-बचाव पथकांचं जाळं तयार झालं, कारण निरनिराळ्या देशांची पथकं एकमेकांच्या पायात येत होती. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला तेव्हा काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला एकच धावपट्टी होती. मदतीच्या विमानांनी ती इतकी गजबजली की पुढे धावपट्टीच खराब झाली आणि मोठी विमानं थांबवावी लागली. अशा वेळी तू तिथे पोहोचलास तर तुलाही पाणी लागेल, झोपायला जागा लागेल, आणि ती कोणाच्या तरी वाट्यातून जाईल.

पहिल्या तासांत माणसं वाचतात ती शेजाऱ्यांमुळे. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानमध्ये कोबेजवळ भूकंप झाला. आवाजी बेटावरच्या होकुदान या गावात सुमारे ३०० माणसं घरांखाली गाडली गेली. स्थानिक अग्निशमन स्वयंसेवकांनी आणि शेजाऱ्यांनी त्यांना त्याच दिवसात बाहेर काढलं, कारण कोणत्या घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं हे त्यांना माहीत होतं. तुझ्या ताकदीचा पहिला उपयोग इथे आहे, तुझ्या स्वतःच्या वस्तीत. वरच्या मजल्यावर एकटी राहणारी आजी कुठे झोपते? गॅस बंद करायचा खटका कुठे आहे? अंथरुणाला खिळलेलं कोण आहे? तुमच्या रोटरॅक्टने एवढी पाहणी करून दरवर्षी ती ताजी ठेवली, तरी मी तुम्हाला मोठे स्वयंसेवक म्हणेन. प्रथमोपचार शिका, धनुर्वाताची लस घेऊन ठेवा.

बाहेर जायचंच असेल तर बोलावणं आल्यावर जा. त्याच कोबेच्या भूकंपात दहा लाखांहून जास्त स्वयंसेवक धावून गेले, आणि त्यातून जपानने एक शिस्त उभारली. आता तिथे आपत्तीनंतर स्वयंसेवक केंद्र उघडतं. कोणत्या घराला किती हात हवेत याची नोंद तिथे होते आणि येणाऱ्याला त्याप्रमाणे काम दिलं जातं. येणाऱ्याने विमा काढलेला असावा, खाणंपिणं आणि झोपण्याची सोय स्वतःची करावी, अशी अपेक्षा असते. २०११ च्या त्सुनामीनंतर तिथल्या स्वयंसेवकांनी केलेलं एक काम मला फार आवडतं. चिखलात सापडलेले कौटुंबिक फोटो त्यांनी गोळा केले, मऊ ब्रशने पाण्यात हळूहळू धुतले, दोरीवर वाळवले आणि लोकांना येऊन ओळखता यावेत म्हणून मांडून ठेवले. घर गेलेल्या माणसाला लग्नातला फोटो परत मिळाला. त्यासाठी ट्रेकिंग यावं लागत नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी बसता यावं लागतं. तुला बसता येईल का?

प्रश्न : क्लब म्हणजे सत्कार, हार-तुरे आणि जेवणावळी. तुम्ही त्यांची फार भलामण करता.

उत्तर : सत्कारांत फुकट गेलेल्या संध्याकाळी मीही पाहिल्या आहेत आणि त्यावर क्लबात उभी राहून बोललेही आहे. याहून गंभीर आक्षेपही आहे. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस यांनी सुरू केलेल्या रोटरीने स्त्रियांना सभासद करायला आठ दशकं लावली. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबने तीन स्त्रियांना घेतलं म्हणून १९७८ मध्ये त्या क्लबची सनद काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९८७ मध्ये निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला, तेव्हा दारं उघडली. मला त्याचा आजही राग येतो.

आणि तरीही याच संघटनेने १९७९ मध्ये फिलिपिन्समधल्या मुलांना पोलिओचे डोस देण्यापासून सुरुवात केली, १९८५ मध्ये ते जगभरचं काम म्हणून अंगावर घेतलं आणि चार दशकं सोडलं नाही. १९८८ मध्ये जगात वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत होता. तो ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाला. दारोदार थेंब पाजत फिरणाऱ्यांत हार-तुरेवालेही होते. मी भलामण करते ती या चिकाटीची.

प्रश्न : आमचा क्लब छोटा आहे, बहुतेक सभासद निवृत्त. परदेशातल्या क्लबबरोबर पाण्याचा किंवा आरोग्याचा प्रकल्प करायची फार इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी? आधी निधी की आधी जोडीदार?

उत्तर : आधी जोडीदार, आणि जोडीदाराच्याही आधी गरज.

रोटरी फाउंडेशनचं जागतिक अनुदान घ्यायचं तर दोन बाजू लागतात. जिथे काम होणार तिथला यजमान क्लब किंवा प्रांत (म्हणजे एका भागातल्या रोटरी क्लबांचा गट), आणि दुसऱ्या देशातला भागीदार. प्रकल्पाचं अंदाजपत्रक निदान ३०,००० डॉलरचं असावं लागतं, तो ठरलेल्या सात क्षेत्रांपैकी एकात बसावा लागतो, आणि वस्तीत जाऊन गरज तपासल्याचा अहवाल जोडावा लागतो. पहिल्याच वर्षी एवढ्या मोठ्या कामात पडू नका. कागदपत्रांतच दमून जाल.

त्याऐवजी मैत्री-विनिमयाने सुरुवात करा. यात सभासद आपल्या खर्चाने एकमेकांच्या प्रांतात जातात आणि एकमेकांच्या घरी राहतात. निवृत्त माणसांकडे वेळ असतो, हीच तुमची मोठी शिल्लक. गेलात की प्रकल्पाचं नाव काढू नका. त्यांच्या गावातला पाण्याचा पंप बंद पडला तर दुरुस्तीला कोण येतं, सुटा भाग कुठून येतो, पाणीपट्टी कोण गोळा करतं, हे सहज बोलता बोलता विचारा. पाण्याच्या प्रकल्पांवर पाटी लागते आणि पंप दोन वर्षांत बंद पडतो, असं फार ठिकाणी होतं, कारण हे प्रश्न उद्घाटनाआधी कोणी विचारलेले नसतात. उत्तरं मिळाली की प्रकल्प कोणता घ्यायचा ते तिथली माणसंच तुम्हाला सांगतील. कदाचित पंप सोडून पंप दुरुस्त करणाऱ्या दोन मुलींचं प्रशिक्षण मागतील. तेच करा.

एक व्यवहाराची गोष्ट. रोटरीत १ जुलैला अध्यक्ष बदलतो, लायन्सचं वर्षही तिथूनच सुरू होतं. नवा अध्यक्ष नवे विषय घेऊन येतो आणि परदेशी जोडीदाराच्या मेलला उत्तर जायचं राहतं. म्हणून हा संपर्क अध्यक्षाकडे ठेवू नका. पत्रव्यवहाराची आवड असलेल्या एका सभासदाकडे तो निदान तीन वर्षं द्या, त्याच्या मदतीला दुसरा एक जण द्या, आणि त्यांनी महिन्यातून एकदा, काम असो वा नसो, तिकडे फोन करायचा असं पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.